भिंतीवरची उलटी आळी

माझ्या लेकीला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, हे कल्याणात आमच्या आळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी डोळे आले आणि एका डोळ्यात फूल पडलं, एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. कुणी जास्त खोदून विचारलंच तर घरातली माणसं माझ्या आधी उत्तर देतात, की हिचं काय चुकलं, ही बिचारी बाळंतीण होती. या 'बिचारी'चा मला भारी संताप येतो. चुकलं नाही म्हणता, तर बिचारी कशाला म्हणता? आणि चुकलं असेल तर तोंडावर सांगा की. पण कुणी सांगत नाही, आणि माझं मन मला खायचं काही थांबत नाही.

आधी पहिल्या मुलाचं सांगायला हवं, नाहीतर पुढे मी केलं ते नुसतं खुळेपणाचं वाटेल. खुळेपणाचं होतंच, पण त्याला कारण होतं. पहिला मुलगा माहेरी झाला, ठाण्याला. गोरा, गुटगुटीत. मला त्याच्याकडे बघण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. तो पाळण्यात झोपला तरी मी कडेला धरून बघत बसायची. दात यायच्या आतच तापानं गेला. तेव्हा आई रडता रडता म्हणून गेली, की किती बघायचीस गं त्याच्याकडे, आईचीच दृष्ट सगळ्यांत आधी लागते. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तोंडून निघालं आणि दुसऱ्या घटकेला ती विसरलीही असेल. मी नाही विसरले. माझ्या डोळ्यांनी माझं मूल नेलं, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं.

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तोवर आई राहिली नव्हती, म्हणून बाळंतपण कल्याणला सासरीच करायचं ठरलं. हे पुण्याला नोकरीवर. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. सासूबाई भारी हौशी. त्यांनी बाळंतिणीची खोली सारवून घेतली, भिंतींना नवा चुना काढला आणि आत वारा म्हणून शिरू नये अशी तजवीज केली. रस्त्याकडची खिडकी बंद, फळ्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, दाराला घोंगडी. आत शेगडी, ओवा-शेपाची धुरी, आणि भर दिवसा आपला हात आपल्याला दिसू नये असा काळोख. त्या काळोखात मुलगी झाली. मुलगी म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही, हे मुद्दाम सांगते. मामंजींनी तर आळीभर साखर वाटली.

एकदोन दिवस गेले असतील. दुपार कलली होती आणि मी कुशीवर पडले होते. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काहीतरी हललं. बघते तो एक बाई चाललेली. पाय वर, डोकं खाली. हिरवं लुगडं, डोक्यावर पाटी, आणि ती पाटी डोक्याच्याही खाली. तिच्या मागून एक बैलगाडी, चाकं आढ्याकडे करून. माझी बोबडीच वळली. भुताचे पाय उलटे असतात हे ऐकलं होतं, पण ते टाचा पुढे आणि चवडे मागे असे. इथं तर अख्खी माणसंच उलटी. पोरीला पोटाशी घेतलं, डोळे गच्च मिटले आणि रामरक्षा येत होती तेवढी म्हटली. डोळे उघडले तेव्हा ऊन गेलं होतं आणि भिंत कोरी होती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तीच कथा. पण माणूस भिऊन भिऊन भिणार किती? मी एक डोळा किलकिला करून बघायला लागले. हिरव्या लुगड्याची ती आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण निघाली. तिच्या मागची भिंत म्हणजे समोरच्या तांबटाचं दुकान. ओळीनं टांगलेल्या त्याच्या कळशा इथं जमिनीवर मांडल्यासारख्या उभ्या, आणि तांबट आढ्याकडे बसून वर ठोकतोय. ठोकण्याचा आवाज बाहेरून यायचा आणि भिंतीवरचा त्याचा हात बरोबर त्याच ठेक्यात हलायचा. ही आमचीच आळी होती, तळ्याकडून बंदराकडे जाणारी. फक्त कुणीतरी ती उचलून उलटी करून माझ्या भिंतीवर ठेवली होती. बंदराकडे जायला निघालेली माणसंसुद्धा तिथं तळ्याकडे चाललेली दिसायची.

खिडकीच्या फळीतली एक गाठ निखळून तिथं वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. सासूबाईंच्या चिंध्यांच्या तावडीतून ते तेवढं सुटलं होतं. मला ते दिसत होतं, पण त्या भोकाचा आणि भिंतीचा संबंध मला कुठून कळणार? भोकातून उजेड येतो. बैलगाड्या येत नाहीत.

सासूबाई दारातून रोज विचारायच्या, की काही दिसलंबिसलं तर सांग हो, एकटी भिऊ नकोस. बाळंतिणीला सगळेच विचारतात. मी म्हणायची, नाही हो, काही नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मांत्रिकाला बोलावलं असतं, खोली बदलली असती, लिंबं कापली असती. ही भीती होतीच. पण खरं कारण ते नव्हतं. मला ती उलटी आळी आवडायला लागली होती. दिवसभर धुरात घुसमटून पडलेली मी ऊन कलायची वाट बघायची. कोण कुणाशी उभ्यानं बोलतंय, कुणाच्या दारात पाहुणा आला, सगळं मला पडल्या पडल्या कळायचं. पोर कुशीत चुळबुळ करायची आणि मी भिंतीकडे बघत बसायची. आपण काहीतरी बघू नये ते बघतोय, हे आतून टोचायचं, आणि तरी बघायची.

मग पाचवी पूजली आणि दुसऱ्या सकाळी सुईण पोरीला न्हाऊ घालायला बसली, ती एकदम थांबली. म्हणाली, अगो बाय, पोरीचं डोलं आलं. पापण्या सुजून टम्म झाल्या होत्या आणि पिवळा पू चिकटला होता. सुईणीनं दुधाचे थेंब घालायला सांगितले. सासूबाईंनी उंबऱ्यावरूनच मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्या शेगडीत अशा तडतडल्या, की त्या म्हणाल्या, बघ, केवढी दृष्ट लागली होती पोरीला. आणि मला हसून सांगून गेल्या, की आता उतरली, काळजी करू नकोस.

मी काय काळजी करू नको? दृष्ट कुणाची, ते मला माहीत होतं. खोलीत माझ्याशिवाय होतं कोण? मुलाला मी नुसती मायेनं बघून घालवलं होतं. इथं तर मी दुपारभर त्या उलट्या दुनियेत डोळे बुडवायची आणि तेच डोळे घेऊन पोरीकडे वळायची. पोरीचे डोळेच जावेत, दुसरं काही नाही, याहून ढळढळीत ते काय असणार? मी मनाशी ठरवून टाकलं. पोरीकडे बघायचंच नाही. ती बरी होईपर्यंत कशाकडेच बघायचं नाही.

बाळंतिणीच्या डोक्याला, कानांवरून, फडकं घट्ट बांधलेलं असतं. मी ते खाली ओढून डोळ्यांवर घेतलं. त्या काळोखात कुणाच्या लक्षात येणार? सुईण सकाळची येऊन जायची, तेवढ्यापुरतं मी ते वर सरकवायची आणि तोंड भिंतीकडे करायची. सासूबाई सोयरामुळे उंबऱ्याबाहेर. पोरीला पाजायची ती चाचपडत. दूध घालायची तेही चाचपडत. तिच्या पापण्या माझ्या बोटांना लागायच्या, गरम, फुगलेल्या. सूज बोटांना कळायची. आत काय चाललंय ते बोटांना कसं कळावं? आणि मला वाटायचं, की मी केवढं व्रत करतेय. माझं मलाच कौतुक होतं त्याचं, आता सांगायलाही लाज वाटते.

पोर रडून रडून घोगरी झाली तेव्हा मामंजी उठले. मामंजी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या तरुणपणी जुन्या दप्तरांसाठी फारसी लागायची, ती त्यांना उत्तम येत होती. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर देवी काढायला खेड्यांवर गेला होता, तो कधी परतेल याचा नेम नव्हता. मामंजींनी सासूबाईंना विचारलंसुद्धा नाही. पगडी घातली आणि बंदराजवळ राहणाऱ्या हकीमसाहेबांना घेऊन आले.

हे हकीमसाहेब कल्याणचेच, कोकणी मुसलमान. त्यांचे आजोबा गलबतावर नाखवा होते. बसऱ्याला जायचे आणि खजूर भरून परतायचे. एका फेरीत खजुराबरोबर अरबी किताबांची एक पेटी घेऊन आले. स्वतः नाखव्याला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, पण मुलाला त्यांनी त्या पेटीपायी अरबी शिकवलं, आणि मुलानं नातवाला. त्यातल्या बऱ्याच किताबा डोळ्यांच्या होत्या. डोळ्याचे पडदे किती, पाणी कुठलं, नस कुठून निघते, याची चित्रं होती म्हणे त्यांत. मोसुल नावाच्या गावच्या एका हकीमानं पोकळ सुईनं मोतीबिंदू ओढून काढल्याची हकीकत होती, तीही आठनऊशे वर्षांपूर्वीची. भिवंडीपर्यंतची माणसं डोळे घेऊन आमच्या हकीमसाहेबांकडे यायची. मामंजींची आणि त्यांची संध्याकाळची बैठक आमच्या पडवीवर असायची. एक अरबीतून सांगणार, दुसरा फारसीतून शंका काढणार, आणि सासूबाई आतून म्हणणार, की यांचं झालं सुरू.

त्या दिवशी हकीमसाहेब पडवीवर बसले. परक्या पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत यायची रीत नव्हती, म्हणून ते मामंजींना सांगायचे आणि मामंजी दाराशी येऊन मला विचारायचे. कधीपासून, पू पातळ की घट्ट, ताप आहे का. मी सांगत गेले. मग मामंजी परत आले आणि म्हणाले, "ते विचारतात, पापण्या उघडून बघितल्यास तेव्हा बुबुळ काळंभोर दिसलं, की वर धुरकट काही?"

मी डोळ्यांवरचं फडकं चाचपलं. मामंजींना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. पोरीची आई आहे, रात्रंदिवस जवळ आहे, तिला नाही माहीत तर कुणाला माहीत असणार, या विश्वासानं विचारत होते ते. तो विश्वास मला अजून ऐकू येतो.

"मी बघितलंच नाही, मामंजी," मी म्हटलं. "पाचवीपासून मी तिच्याकडे बघितलेलंच नाही."

हकीमसाहेबांच्या काठीचा आवाज पडवीवरून दाराशी आला. सासूबाई आडव्या झाल्या, की अहो, सोयर आहे. ते म्हणाले, ते तुमचं, मला नाही लागत. आणि घोंगडी बाजूला करून आत आले. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती खिडकी उघडायची. सासूबाई वाऱ्याचं बोलायला लागल्या, तेव्हा मामंजींनी, जे आजन्म आवाज चढवून बोलले नव्हते, स्वतः चिंध्या उपटून फेकल्या आणि फळी ढकलली. खोलीत ऊन आलं. माझ्या डोळ्यांवर फडकं होतं तरी मला ते लागलं.

हकीमसाहेबांनी उकळून निववलेलं पाणी मागितलं, कापूस मागितला, हात धुतले. पोर किंचाळली तेव्हा मला कळलं, की पापण्या उघडल्या. दोन्ही डोळे पुसून बघितल्यावर ते मामंजींना म्हणाले, की उजवा स्वच्छ आहे, त्याला काही होऊ देत नाही. डाव्याबद्दल बोललेच नाहीत. मी फडकं काढलं आणि इतक्या दिवसांनी लेकीकडे बघितलं. डाव्या बुबुळावर दुधाची साय धरावी तसं पांढरं आलं होतं.

पुढे रोज ते यायचे. तुरटीच्या पाण्यानं धुवायचे, मध्ये मध्ये गुलाबपाणी, वर दारूहळदीच्या रसांजनाचा लेप. दर घटकेला पू कसा पुसायचा ते मला शिकवलं, आणि मी ते केलं, अगदी पापणीच्या केसांतून बोट फिरवून केलं. उजवा डोळा वाचला. डाव्याची सूज गेली, पांढरं तेवढं राहिलं.

सोयर फिटलं, पोर दूध पिऊन निवांत झोपायला लागली, तेव्हा एका दुपारी त्यांनी मला विचारलं, की बेटी, का नाही बघितलंस? रागानं नाही विचारलं. मी रडत रडत सगळं सांगितलं, मुलापासून सुरुवात करून भिंतीवरच्या माणसांपर्यंत. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. हकीमसाहेबांचा चेहरा मात्र काही वेगळाच झाला. म्हणाले, खिडकी लावा. मला दाखवा.

खिडकी लावली, फटींत पुन्हा चिंध्या कोंबल्या. ऊन समोर होतंच. आळी भिंतीवर उतरली, पाय वर करून. सासूबाईंनी माझा दंड असा आवळला, की वळ उठला. आणि हकीमसाहेब, एवढा वयोवृद्ध माणूस, भिंतीजवळ जाऊन तांबटाच्या कळशा बोटानं मोजायला लागला. म्हणाले, उभं आयुष्य हे वाचत आलो, आज डोळ्यांनी बघतोय. मग त्यांनी मामंजींना रस्त्यावर जाऊन उभं राहायला सांगितलं आणि उजवा हात वर करायला लावला. भिंतीवर मामंजी आले, पगडी खाली, जोडे वर, आणि हात जमिनीकडे. सासूबाईंनी नवऱ्याला तसं बघून आधी डोक्यावरचा पदर सावरला आणि मग तोंडात कोंबला. हसू आवरेना त्यांना.

मामंजी परत आत आल्यावर हकीमसाहेबांनी सांगितलं ते मी माझ्या अकलेप्रमाणे लिहिते. बसऱ्याचा एक पंडित होता, आठशे वर्षांपूर्वीचा. मिसर देशात त्याला सुलतानाच्या धाकानं घरात कोंडून राहावं लागलं. कोंडलेल्या माणसानं उजेडाचा विचार केला. अंधाऱ्या खोलीला भोक ठेवून, बाहेर दिवे मांडून, एकेक दिवा झाकून त्यानं पाहिलं, की कुठला उजेड भिंतीवर कुठं पडतो. उजेड सरळ चालतो, वळत नाही. मामंजींच्या पगडीवरून निघालेला उजेड वरून खाली येऊन भोकातून शिरतो, तो पुढे खालीच जाणार. जोड्यांवरचा खालून वर येतो, तो वरच जाणार. त्यात भूत नाही आणि भानामती नाही. त्या पंडिताच्या आधीचे मोठे मोठे शहाणे म्हणायचे, की डोळ्यातून किरण निघतो, तो जाऊन वस्तूला लागतो आणि मग आपल्याला दिसतं. यानं विचारलं, की मग सूर्याकडे बघितल्यावर डोळा का दुखतो? डोळा उघडल्याबरोबर तारा कसा दिसतो, इतक्या लांब गेलं कोण आणि आलं कोण? वस्तूवरचा उजेड डोळ्यात येतो. डोळा आपल्या जागी असतो.

सासूबाई काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पदराआडून विचारलं, की मग दृष्ट लागते ती कशी? त्यावर हकीमसाहेब, नजर लागते असं आमच्यातही मानतात, ते मी मोडत नाही, असं म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"पण किताबात आहे ते तुला सांगतो, बेटी. बघताना तुझ्या डोळ्यातून बाहेर काही जात नाही. मुलाकडेही कधी काही गेलं नाही."

मामंजींनी उपरण्यानं डोळे पुसले. सासूबाई म्हणाल्या, चला, सूनबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. सगळ्यांना वाटलं, मी आता हलकी होणार. मी हलकी झालेही, घटकाभर. इतकी वर्षं उराशी धरलेला मुलगा त्यांनी एका वाक्यात सोडवला. पण त्याच वाक्यात मुलगी माझ्या पदरात टाकली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या बघण्यात काही नव्हतं, तर मग न बघण्यात होतं. मी त्यांना विचारलं, की आधी कळलं असतं तर वाचला असता का हो डोळा? त्यांनी मामंजींकडे पाहिलं आणि म्हणाले, अल्ला जाणे. मग हात धुवायला गेले. हात धुवायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

पुढच्या सुटीत हे पुण्याहून आले, त्यांनीही मला दोष दिला नाही. उलट तेव्हापासून मामंजींनी मला लिहा-वाचायला शिकवायला घेतलं. ते आणि हकीमसाहेब दोघेही आता नाहीत. मागे ठाण्याला एका लग्नात तसबिरी काढणारा आला होता, काळ्या बुरख्यात डोकं घालून. त्यानं काचेवर उलटा मांडव दाखवला आणि विलायतेच्या अकलेचं असं काही गुणगान केलं, की मला राहवेना. मी म्हटलं, ही अक्कल बसऱ्याची, आणि आमच्या कल्याणच्या बंदरात खजुराबरोबर उतरलेली आहे. लोक हसले. हसू देत.

त्या खिडकीचं भोक मामंजींनी बुजवू दिलं नाही. लेक मोठी झाली तशी तिला त्याचा नाद लागला. दुपारी खिडकी लावायची, आळीतल्या मुलींना गोळा करायची आणि फुशारकीनं सगळं समजावून सांगायची, उजेड सरळ चालतो आणि वळत नाही. एका डोळ्यानं बघते पण दोन डोळे असणाऱ्यांहून चार गोष्टी जास्त बघते. मी नेहमी तिच्या डाव्या बाजूला असायची. चालताना डावीकडे, जेवताना डावीकडे, निजताना डावीकडे. चौकट लागू नये, चुलीवरचं काही अंगावर येऊ नये, म्हणून. बायका म्हणायच्या, आई असावी तर अशी, लेकीचा डोळा होऊन राहिली आहे. मलाही तेच वाटायचं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

एका दुपारी मुली कुणी आल्या नव्हत्या, तर तिनं मला हाक मारली. खिडकी लावलेली, आळी भिंतीवर आलेली. मी जाऊन सवयीप्रमाणे बसले. तिनं हातानं चाचपून मी कुठं आहे ते बघितलं.

"आई, तू नेहमी याच बाजूला का गं बसतेस?" ती म्हणाली. "इकडून तू मला दिसतच नाहीस."

मी उठले आणि तिच्या उजवीकडे जाऊन बसले. तिनं मान वळवली आणि ती माझ्याकडे बघत राहिली, निवांत, कितीतरी वेळ. मी भिंतीवरच्या तांबटाकडे बघत होते.